लाल रिबिनीची तार

लिफ्टचा दोर तुटत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे त्या आशेने वाचायला बसलेल्यांना पान उलटता येईल. सिनेमात तो तुटतो, कारण तिथे खलनायकाला वरून खाली आणायचं असतं. आमच्याकडे एका डब्याला चार-पाच पोलादी दोर असतात, त्यातला एकटासुद्धा डबा पेलू शकतो, आणि सगळे गेलेच तरी डब्याखालचे जबडे रुळांना असे चावतात की डबा जागच्या जागी अडकतो. बत्तीस वर्षं मी बंगळुरात लिफ्ट दुरुस्त करतो आहे. तुटलेला दोर एकदाही पाहिला नाही. जे काही पाहिलं ते सगळं दारापाशी.

माझं नाव सॅमसन साळवे. नाव ऐकून लोक दार उघडतात, माझ्याकडे बघतात, आणि मग माझ्या मागे अजून कोणी येतंय का ते बघतात. माझं वजन पन्नास किलो. वडील नगर जिल्ह्यातून इथल्या सरकारी कारखान्यात आले, मी इथेच जन्मलो, त्यामुळे घरात मराठी, रस्त्यावर कन्नड आणि लिफ्टच्या खड्ड्यात जे तोंडाला येईल ते.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. इंदिरानगरच्या एका गृहस्थांची लेखी तक्रार होती की लिफ्ट त्यांच्या मजल्यावर उसासा टाकते, समोरच्या इमारतीतली टाकत नाही. मी गेलो, कान लावला. खरंच टाकत होती. दार सावकाश मिटवणाऱ्या पंपातलं तेल संपलं होतं. तेल घातलं, तर महिन्याभराने त्यांचा फोन, आता फार शांत वाटतं, थोडा उसासा परत आणता येईल का? आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, दरवर्षी मशीनरूममधल्या मोटरला झेंडूची माळ घालतात आणि कोहळा फोडायचा मान मेकॅनिकला देतात. पहिल्याच वर्षी मी हात जोडून सांगितलं की मी ख्रिस्ती आहे, मला पूजेतून सोडा. त्या इमारतीचे सेक्रेटरी म्हणाले, सरी, ठीक आहे, पूजा आम्ही बघतो, तुम्ही चुरमुऱ्यांची पुडी तरी न्या. बत्तीस वर्षं मी बंगळूरच्या निम्म्या लिफ्टांचे चुरमुरे खात आलो आहे.

पण आज सांगायची आहे ती गोष्ट माझ्या चुकीची, आणि त्यासाठी थोडं यंत्र समजून घ्यावं लागेल. फार नाही.

लिफ्टच्या प्रत्येक दाराला एक छोटा विजेचा जोड असतो. दार नीट मिटलं की तो जुळतो. सगळ्या मजल्यांचे जोड एकापुढे एक, हात धरून उभ्या राहिलेल्या मुलांसारखे. एकाने जरी हात सोडला तरी लिफ्ट हलत नाही. दार उघडं असताना लिफ्ट चालू नये म्हणून ही सगळी व्यवस्था. आता एखादा जोड मळला की दार मिटलेलं असूनही लिफ्ट अडून बसते. मग मेकॅनिक काय करतो, तर वितीएवढी एक तार घेतो, दोन्ही टोकांना चिमटे, आणि मशीनरूममधल्या पेटीत ती साखळीच्या दोन टोकांना लावतो. तिला आम्ही जंपर म्हणतो. जंपर लावला की यंत्राला वाटतं, सगळी दारं मिटली आहेत. लिफ्ट चालते. मेकॅनिकला कळतं की बिघाड दारांच्या साखळीत आहे. तो जोड शोधतो, पुसतो, आणि जंपर काढून घेतो.

काढून घेतो. आमच्या सगळ्या विद्येतला हा शेवटचा शब्द महत्त्वाचा.

मी तेव्हा तिशीच्या आतला, आणि फार चांगला मुलगा होतो. हे मी थट्टेने म्हणत नाही, सगळी मंडळी म्हणायची. आमची मराठी ख्रिस्ती मंडळी लहान, स्वतःचं चर्च नाही, दुसऱ्यांच्या चर्चमध्ये रविवारी दुपारी आमची उपासना. पाळकसाहेब पवित्र जीवनावर पुष्कळ बोलत, आणि मी पहिल्या बाकावर बसून मनातल्या मनात यादी तपासत असे. दारू नाही, पत्ते नाहीत, सिनेमा नाही, शिवी फक्त कन्नडमध्ये. यादी पूर्ण. मी गायनमंडळात वरच्या पट्टीत गात असे आणि माझा आवाज माझ्या वजनाच्या मानाने मोठा होता.

उपासनेत बाजाची पेटी वाजवायच्या रूथबाई. मुलींच्या शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या, मल्लेश्वरममधल्या चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या. नाताळच्या गीतांचा सराव त्या घेत. उशिरा येणाऱ्याला त्या कधी बोलल्या नाहीत. तो आत आला की पेटी थांबवत आणि तो जागेवर बसेपर्यंत भात्यावर हात ठेवून समोर बघत. त्यापेक्षा चार शब्द बोललेलं परवडलं असतं.

त्या डिसेंबरात त्यांच्याच इमारतीची तक्रार आली, लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर अडते. मी दुपारी गेलो. जंपर लावला, दुसऱ्या मजल्याच्या दाराचा जोड मळलेला निघाला, तो पुसला, लिफ्ट वरखाली चालवून पाहिली. छान चालली. चालणारच होती, कारण जंपर लावलेलाच होता. घड्याळात पाच वाजायला दहा मिनिटं होती आणि पाच वाजता सराव. मी मशीनरूममधल्या पेटीचं झाकण लावलं आणि पळालो. बाईंनी पेटी थांबवायच्या आत मी बाकावर बसलो होतो, आणि त्या संध्याकाळी मी, सांगायला लाज वाटते, उत्तम गायलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी रूथबाई बाजाराला निघाल्या. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावरच होती. त्यांनी दार उघडलं, एक पाय आत टाकला, आणि त्याच क्षणी चौथ्या मजल्यावर कोणीतरी बटण दाबलं. दार उघडं असताना लिफ्ट वर निघाली. बाईंनी पाय मागे ओढला आणि त्या उजव्या हातावर पडल्या. त्यांची कापडी पिशवी डब्याबरोबर वर गेली आणि चौकटीत अडकून फाटली. पिशवीच्या जागी पाय असता, हे वाक्य मी पुढे कधी पूर्ण करत नाही.

बोलावणं मलाच आलं. मी थेट मशीनरूममध्ये गेलो, झाकण उघडलं, तार जागेवर होती. काढली, खिशात टाकली, आणि नोंदवहीत लिहिलं, दाराचा जोड पुन्हा साफ केला. अक्षर माझं चांगलं आहे.

बाईंचं मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. मी संत्री घेऊन दवाखान्यात गेलो. त्या म्हणाल्या, सॅमसन, तू किती लवकर आलास.

आता त्या इमारतीचा रखवालदार निंगप्पा. जिन्याखालच्या खोलीत तो आणि त्याची बायको गौरम्मा राहत. पाण्याचे कॅन आणि गॅसच्या टाक्या चढवताना लिफ्टचं दार मिटू नये म्हणून त्याला विटेचा तुकडा लावायची सवय होती. सगळ्यांनी पाहिलं होतं. अपघात झाल्याबरोबर सगळ्यांना वीट आठवली. सेक्रेटरी मूर्ती सरांनी ठरवलं की दाराशी छेडछाड करून त्यानेच लिफ्ट बिघडवली. दुसऱ्या रविवारी बैठक घेऊन त्याला काढायचं आणि खोली रिकामी करून घ्यायची.

वाचकहो, वर सांगितलेलं यंत्र आठवा. विटेने दार उघडं ठेवलं तर लिफ्ट हलत नाही. विटेने आणखी काही होऊ शकतच नाही. निंगप्पाचा दोष असणं शक्य नव्हतं, आणि त्या इमारतीत हे माहीत असलेला माणूस एकच होता.

मी गप्प राहिलो. एक दिवस, दोन दिवस, अकरा दिवस. तार खिशातच होती. फेकायची हिंमत नव्हती, घरी ठेवायची नव्हती. दरम्यान एका रविवारी पाळकसाहेब पवित्रतेवर बोलले आणि सवयीने मी यादी काढली. दारू नाही, पत्ते नाहीत, सिनेमा नाही. सगळ्या रकान्यांत बरोबरची खूण, आणि मांडीला चिमटा टोचत होता.

अकराव्या दिवशी, शनिवारी, मी बाईंच्या घरी गेलो तेव्हा निंगप्पा तिथे होता. तो रोज शहाळं आणत असे. शहाळं टेबलावर ठेवून तो हात जोडून उभा होता आणि म्हणत होता, अक्का, माझं चुकलं, माफ करा. बाई म्हणत होत्या, सरी, सरी, निंगप्पा, जा आता. त्याला स्वतःलाच पटलं होतं की हे त्याने केलं. न केलेल्या गोष्टीची माफी तो माझ्यादेखत मागत होता आणि बाई ती त्याला देत होत्या. दोघांच्या मधे मी संत्री धरून.

तो गेल्यावर मी सांगितलं. सलग सांगता आलं नाही. बाईंनी मधे अडवलं नाही. मी थांबलो तेव्हा त्यांनी विचारलं, "तार कुठे आहे?"

मी खिशातून काढून टेबलावर ठेवली.

"संत्री घेऊन दवाखान्यात आलास तेव्हाही खिशात होती?"

"हो, बाई."

त्यांनी डाव्या हाताने ती उचलली, उलटसुलट पाहिली. "एवढीशी," म्हणाल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. त्या रागावल्या नव्हत्या असं मी कधी कोणाला सांगितलेलं नाही.

"निंगप्पाला सांगितलंस?"

"नाही. म्हटलं आधी तुम्हाला."

"चुकलंस. माझा हात मोडलाय. त्याचं घर जातंय. आधी खाली जा."

मी खाली गेलो. निंगप्पा जिन्यावर बसून ऐकत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, "हौदा? खरंच?" आणि मग, "म्हणजे विटेमुळे नाही?"

"विटेने लिफ्ट हलतच नाही, अण्णा."

"मग मी अकरा दिवस शहाळी कशासाठी आणली?"

गौरम्मा आतून बाहेर आली आणि तिने मला जे सुनावलं ते कन्नडमध्येसुद्धा छापता येणार नाही. ते ऐकताना मला पहिल्यांदा बरं वाटलं.

रविवारच्या बैठकीत मी उभा राहून सगळ्यांना सांगितलं, आणि निंगप्पाची खोली राहिली. सोमवारी कंपनीत सांगितलं. साहेबांनी मला तिथल्या तिथे कामावरून थांबवलं, आणि ते योग्यच होतं. काढून टाकल्याचं पत्र टंकायला गेलं.

बुधवारी रूथबाई गळ्यात हात बांधून रिक्षाने आमच्या कंपनीत आल्या. हे मला साहेबांनी पुढे सांगितलं. बाईंनी बसायला नकार दिला आणि म्हणाल्या, या माणसाला काढू नका, आमच्या इमारतीची लिफ्ट त्याच्याकडेच ठेवा. साहेबांनी विचारलं, तो पुन्हा असं करणार नाही याची खात्री देता? बाई म्हणाल्या, "नाही. मला माहीत नाही. तो स्वतः येऊन सांगून गेला, तेवढंच माहीत आहे." साहेबांची अठ्ठावीस वर्षांची नोकरी. ज्याच्यामुळे हात मोडला त्याच्यासाठी रदबदली करायला आलेली बाई त्यांनी पहिल्यांदा पाहिली. त्यांनी मला एक वर्ष जुन्या मेकॅनिकच्या हाताखाली घातलं. नोकरी राहिली.

नाताळच्या सकाळी मी बाईंकडे गेलो. आमच्या रीतीप्रमाणे सलाम केला. आभार कसे मानायचे ते पाठ करून गेलो होतो, त्यातलं एकही वाक्य आठवेना. मी विचारलं, असं का केलंत?

"मला प्रभूने सोडलं तेव्हा माझ्याकडून काही लिहून घेतलं नाही," बाई म्हणाल्या. "कशातून सोडलं ते तुला सांगणार नाही. केक खा."

आता इथे गोष्ट संपायला हवी होती, पण मी सॅमसन. मी स्वतःला शिक्षा द्यायला सुरुवात केली. दर शनिवारी त्या इमारतीत जाऊन बिघाड नसलेली लिफ्ट तपासायची. बाईंची भाजी वर न्यायची, दिवे बदलायचे, त्यांनी नको म्हटलेले दिवेसुद्धा. गायनमंडळ सोडलं. चहा सोडला. मला वाटत होतं मी पवित्र होतो आहे. घरच्यांना वाटत होतं मला कावीळ झाली आहे.

चार-पाच महिन्यांनी एका शनिवारी बाईंनी दार उघडलं आणि मला आत घेतलं नाही. उंबऱ्यातच विचारलं, "सॅमसन, ही हजेरी कोणासाठी?"

मी म्हटलं, तुमच्यासाठी.

"मी बोलावलं नाही. मी सोडलंय म्हटलं म्हणजे सोडलंय. तू काय, मला खोटं पाडायला येतोस?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "माझी लिफ्ट तू नीट ठेवशीलच, त्यात काय मोठं? ज्या लिफ्टमध्ये मी कधी पाऊल टाकणार नाही, ती नीट ठेव. जिथे तुला कोणी ओळखत नाही तिथली. आणि सोमवारपासून चहा पी, तोंड कसं झालंय बघ."

दार मिटलं, परत उघडलं. त्यांनी हातात लाल रिबिनीचं एक रीळ दिलं. शाळेची सहल निघाली की त्या प्रत्येक मुलीच्या वेणीला लाल रिबीन बांधत, म्हणजे गर्दीत दिसते. निघताना मोजत, प्रत्येक थांब्यावर मोजत, परत आल्यावर मोजत. पस्तीस वर्षांत एक मुलगी हरवली नाही. "तुझ्या तारांना बांध," म्हणाल्या. "लांब शेपटी ठेव. झाकण लागता कामा नये."

तेव्हापासून माझ्याकडे पाच जंपर. प्रत्येकाला नंबर आणि हातभर लाल रिबीन. पेटीचं झाकण लावायला गेलं की रिबीन बाहेर लोंबते. निघताना मोजायचे, काम झाल्यावर मोजायचे, पाच भरल्याशिवाय लिफ्ट लोकांना द्यायची नाही. जी यादी मी पूर्वी देवाला दाखवायला ठेवत होतो तिच्या जागी आता हे पाचांचं मोजणं आलं आहे, आणि यात दाखवायचं कोणाला काही नसतं. मला सोडलं आहे. आता दुसऱ्या कोणाचा पाय जाऊ नये, एवढंच.

बाईंचा हात मात्र पूर्ण बरा झाला नाही. क्षमा झाली म्हणून मनगट वळायला लागत नाही. पेटीला एक हात भात्याला लागतो, एक पट्ट्यांना. बाईंनी हात बदलले. उजव्याने भाता, डाव्याने पट्ट्या, वयाच्या साठाव्या वर्षी नव्याने शिकल्या. साहजिकच सगळं सावकाश. मंडळीही त्यांच्याबरोबर सावकाश गायला लागली, आणि तीच आमची चाल झाली. बाईंना जाऊन आता सहा वर्षं झाली. पुण्याहून नोकरीला आलेली नवी मंडळी कीबोर्डवर जलद वाजवून बघतात, पण दुसऱ्या ओळीपर्यंत जुने लोक त्यांना मागे ओढतात. एकाने मला विचारलं, काका, बंगळूरची मराठी मंडळी एवढी स्लो का गाते? मी म्हटलं, इथली हवा. तेवढं एक खोटं बोललो. आज इथे दुरुस्त करतो.

गेल्या वर्षीची गोष्ट सांगतो. व्हाइटफील्डमधली बावीस मजल्यांची इमारत, दोन लिफ्ट, रविवारची सकाळ. एका लिफ्टचा दाराचा बिघाड मी आणि माझा जोडीदार बसवराज, दोघांनी काढला. लिफ्ट चालवून पाहिली, छान चालली. तारा मोजल्या. चार.

पुन्हा मोजल्या. चार. तीन नंबर नाही.

मी मुख्य स्विच खाली ओढला. पेटी उघडून बघितली, डब्याच्या टपावर बघितलं, खड्ड्यात उतरून बघितलं. बसवराज मशीनरूम हुडकत होता. खाली अठराव्या मजल्यावरच्या वास्तुशांतीचे पाहुणे जमत होते. रेशमी साड्या, इडल्यांची भांडी, एक भटजी, आणि दुसऱ्या लिफ्टपुढे फाटकापर्यंत रांग. यजमान तरुण, पुण्याचा, माझं मराठीतलं पुटपुटणं ऐकून जवळ आला.

"काका, प्लीज चालू करा ना. मी स्वतः बघितलं, आत्ता परफेक्ट चालत होती."

"चालतच होती," मी म्हटलं. "तेव्हाही चालतच होती."

"कधी?"

"फार पूर्वी. तुम्ही इडल्या दुसऱ्या लिफ्टने पाठवा."

बसवराज कानाशी येऊन म्हणाला, अण्णा, तार पेटीत नाही हे आपण दोघांनी पाहिलंय, एखादवेळी घरूनच चार आणल्या असतील. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. पण घरी मोजताना पाच होत्या. पुन्हा सगळं पहिल्यापासून, एकेका मजल्याचं दार, एकेक जोड. तास गेला. फॅसिलिटी मॅनेजरने दोनदा आमच्या साहेबांना फोन केला. एक आजोबा नऊ मजले चढून गेले आणि प्रत्येक मजल्यावरून मला नावं ठेवत गेले, आवाज लांब जात राहिला.

शेवटी पाणी प्यावं म्हणून मी माझी जेवणाच्या डब्याची पिशवी उघडली. डब्याच्या कडीत लाल रिबीन अडकली होती. टोकाला तीन नंबर.

गुपचूप खिशात टाकायला एक क्षण पुरला असता. आतल्या भागात तार सापडली, काढली, असं म्हटलं असतं तर टाळ्याही मिळाल्या असत्या. माझी नजर खिशाकडे गेली, हे खरं आहे. मग मी रिबीन धरून ती तार सगळ्यांसमोर लोंबवली आणि म्हटलं, माझ्याच डब्याच्या पिशवीत होती, माफ करा.

यजमानाने विचारलं, "म्हणजे तासभर आम्ही सगळे तुमच्या डब्यासाठी उभे?"

"हो."

"आणि न सापडता चालू केली असती तर काही झालं असतं?"

"आज काही झालं नसतं," मी म्हटलं.

नोंदवहीत तसंच लिहिलं. जंपर नंबर तीन मेकॅनिकच्या डब्याच्या पिशवीत, लिफ्ट एक तास बंद, चूक माझी. अक्षर अजून चांगलं आहे.

दुरुस्तीनंतर पहिली फेरी मेकॅनिकने एकट्याने करायची असते, तो आमचा रिवाज. मी आत गेलो. दार मिटलं, जोड जुळला, लिफ्ट निघाली. एकटा असलो की मी गातो. व्हाइटफील्डच्या त्या लिफ्टमध्ये नवी मंडळी गातात तसं गायलं तर एक कडवं चौदाव्या मजल्यावरच संपतं. रूथबाईंच्या चालीत गायलं तर बरोबर बाविसाव्यापर्यंत पुरतं. त्या दिवशीही पुरलं. दार उघडलं तेव्हा समोर कोणी नव्हतं.